मागच्या सीटवर कोण होतं

ताई : दाराकडे नका बघू. घोटभर पाणी घ्या.

वहिनी : तो आलाय, ताई. नवऱ्याच्या बुटांचा आवाज ओळखते मी.

ताई : आला असेल. पण या खोलीत त्याला मज्जाव आहे. बाहेर शिपाई उभा आहे, आत मी. कोर्टात येणाऱ्या बायकांसोबत बसणं हेच माझं काम.

वहिनी : आपण माघार घेऊ या का? नेऊ दे त्याला लेकीला शनिवार-रविवार.

ताई : काल फोनवर तर ठाम होतात.

वहिनी : काल तो भिंतीपलीकडे नव्हता! न्यायाधीशबाईंपुढे गेला की असा साखरेत घोळून बोलेल, की तुम्हालाही वाटेल, हीच बया खोटारडी. सगळी गल्ली त्याला देवमाणूस म्हणते.

ताई : अशी देवमाणसं मी रोज बघते. लेकीनं काय सांगितलं होतं तुम्हाला?

वहिनी : गाडी भरधाव सोडतो म्हणे. 'आईकडे कोण येतं-जातं ते सांग, नाहीतर घालतो भिंतीवर.' सात वर्षांची पोर हो! आता रिक्षातसुद्धा बसत नाही.

ताई : हेच आत सांगायचं.

वहिनी : आणि पुरावा? भीतीचे काय वळ उठतात अंगावर?

(दारावर हलकी टकटक.)

वहिनी : तोच! उघडू नका, पाया पडते!

ताई : मागे व्हा. कोण आहे?

धाकटी : मी... नणंद त्यांची. एकटीच आहे.

वहिनी : त्यानंच पाठवलंय हिला. भावाच्या शब्दाबाहेर नाही ही.

धाकटी : वहिनी, दादाला माहीत नाही. मागच्या जिन्यानं आले.

ताई : आत या. काय ते लवकर बोला.

धाकटी : दादानं गाडी भरधाव सोडली त्या दिवशी मागच्या सीटवर मी होते. पोर माझ्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. मी ब्रदेखील काढला नाही.

वहिनी : आणि आज काढणार?

धाकटी : परवा तिचा मोजा सापडला गाडीत, त्या दिवशी भीतीनं ओला झालेला. दादा हसला. म्हणाला, 'पुढच्या वेळी मूत आवरायला शिकव तिला.' मग मला राहवेना.

ताई : हे न्यायाधीशबाईंसमोर सांगाल? तो समोर बसलेला असेल.

धाकटी : त्याच्याकडे न बघता सांगितलं तर चालेल?

ताई : चालेल. माझ्याकडे बघा. वकीलबाईंना सांगून येते, तुमची साक्ष घ्यायची परवानगी मागतील.

(दुपार. तीच खोली.)

ताई : न्यायाधीशबाईंचा हुकूम ऐकलात ना नीट? पोरीला बाहेर न्यायचं नाही. भेटायचं तर इथेच, मुलांच्या खोलीत, आमच्यासमोर. पुढच्या तारखेपर्यंत एवढं तरी पदरात पडलं.

वहिनी : पण तो ओरडला नाही, ताई. नुसता हिच्याकडे बघत राहिला.

ताई : पाहिलं मी. शिपाई रिक्षापर्यंत सोडेल. धाकट्या बाई, तुम्ही कुठे जाणार?

धाकटी : घरी... म्हणजे दादाकडेच राहते मी.

वहिनी : वेडी आहेस का? चल माझ्याबरोबर. एकच खोली आहे, दाटीवाटीनं झोपू तिघी.

धाकटी : वहिनी, मी झोपेत ओरडते गं.

वहिनी : ओरड. आमच्याकडे झोपेत ओरडण्यावरून कुणी रागावत नाही.