उत्तरं सगळी बरोबर

पोरगी पाहायला गेलो न् परीक्षा माझीच झाली, हे सांगितलं का तुम्हाले? सरकारी भरतीच्या परीक्षा देऊन देऊन माझे केस पिकून राहिले, तं घरचे म्हणाले, निदान लग्न तरी कर. म्हणून काकाले घेऊन नवेगाव बांध या गावाले गेलो. पोह्याची प्लेट हातात येते न येते, तं पोरीचे बाबा म्हणाले, "अभ्यास करून राहिले म्हणता. सांगा, मंगोलियाची राजधानी?"

"उलानबातर."

"रातांधळेपणा कायच्या कमीनं होते?"

"अ जीवनसत्त्वाच्या."

"अजिंठ्याची लेणी कोणत्या नदीकाठी?"

"वाघूर."

काका मिशीत हसून राहिले. मलेबी वाटलं, जमलं बा! बाबांनी कप खाली ठेवला.

"सगळंच बरोबर आहे. मंग नोकरी काऊन नाही लागली?"

काका पोह्यातले शेंगदाणे पाहत बसले. इतका वेळ खाली मान घालून बसलेली पोरगी तेवढ्यात म्हणाली, "बाबा, मीबी हेच पाठ करून राहिली. माझं ऐकून ऐकून तुम्हालेबी पाठ झालं. तिघातल्या कोणाले लागली?"