धुतलेला निळा ड्रम

मंगळवार, दुपारी बारा. बोईसरहून तारापूरकडे जाणारा रस्ता. चंद्रभानचं जुन्या ड्रमांचं दुकान.

— नाय ताई, वास नाय तो, नवेपणा हाय! म्हणजे ड्रम जुनाच, पण धुऊन नवा केलेला. पिण्याच्या पाण्याला? बिनधास्त! सोडा टाकून, गरम पाण्याने तीन-तीनदा धुतो आमी — बरं, दोनदा. आता या दिवसांत पाणी कुठं हाय — एकदाच, पण घासून. वाजवून बघा, ढमढम! नळाला दिवसाआड पाणी, मग साठवणार कशात, ओंजळीत? कंपनीवाला टाकतो, भंगारवाला उचलतो, मी धुतो, तुमी पिता — सगळ्यांचं भागतं. आधी काय होतं यात? साबणाचं कायतरी असेल. आख्खं जग तेच अंगाला फासतं, त्यांना कोण विचारतं? आमच्या घरी? आमच्याकडं स्टीलची टाकी. बायको हट्टी — म्हणते, ड्रम घरात आणलास तर तूच त्यात बस! तो पांढरा डाग होय — स्टिकर होता. ब्लेडने खरवडतो मी. कधी कधी कवटीचं चित्र असतं, गिऱ्हाईक उगाच घाबरतं. चित्राने कोण मेलंय? आणि तक्रार? एक पण नाय. गेल्या आठवड्यात उमरोळीची हिरा असाच घेऊन गेली — हा त्याच्या जोडीचा, एकाच टेम्पोतून आलेले दोन्ही. परत आली का ती? नाय आली. म्हणजे खूश हाय!

काय? तुमी हिराची नणंद? मग आधी सांगायचं ना, बसा, चहा सांगतो — दवाखान्यात? कोण, तिची पोरगी? अहो, पोरांना उलट्या होतात, हवा बदलली की — तोंड आतून सोललंय? त्याच पाण्याने कशावरून? तिने बाहेर काय खाल्लं असेल — नाय, फोन नका देऊ माझ्याकडं, डॉक्टरशी मी काय बोलू? सांगा त्याला, साबणाचं. 'असेल' चालत नाय? खात्रीने पायजे, औषध ठरवायचंय? — ओ, ओ ताई, तो ड्रम कुठं उचलता? ठेवा खाली. हा विकायचा नाय. नाय म्हटलं ना! चला, निघा, मला शटर पाडायचंय — अहो, कितींदा विचाराल तेच तेच? स्टिकर मीच खरवडला. खरवडला... वाचला नाय.