सगळ्यात सावकाश पायरी

हसू नका रे, पण आमची नात कॉलेजात रसायनांचा वेग मोजायला शिकते. मी सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला, तरी तिला विचारलं, "त्यात मोजायचं काय?"

"आजोबा, दोन रसायनं एकत्र आली की क्रिया पायऱ्यापायऱ्यांनी होते. त्यातली सगळ्यात सावकाश पायरी असते ना, तिच्यावर सगळ्याचा वेग ठरतो."

मी ओरडलो, "म्हणजे तुझी आजी!"

आतून साडी नेसता नेसता ही म्हणाली, "ऐकू येतंय हां मला. आता अजून हळू नेसते."

जासई गावाला कुणाचं लग्न असलं की मी हिला तासभर आधीची वेळ सांगायचो. ते हिला पक्कं ठाऊक, म्हणून ही तासभर जास्त लावायची.

ही गेली, त्याला वर्ष झालं. परवा पुन्हा जासईचं लग्न निघालं. सवयीनं मी घरात तासभर आधीचीच वेळ सांगून बसलो. सगळे झटपट तयार!

नात म्हणाली, "आजोबा, चला की. आता कुणासाठी थांबायचं?"

मी चपला घालून दारातच बसलो. म्हटलं, "बस गं जरा. लग्नाला वेळ हाय अजून. हा तास तुझ्या आजीचा."