भिंतीवरचा लाल दिवा

डब्लिनमधल्या एका प्रदर्शनात, सीरियातल्या मातीच्या जुन्या दिव्यांपाशी, रांगेत माझ्यापुढे मराठी मायलेक उभे होते.

"ज्ञानेश, हे दोन्ही एकाच हातचे वाटतात रे."

"नाही गं आई. क्रॉसवाला ख्रिस्ती राजवटीतला. अरबी अक्षरांचा मुसलमानी राजवटीतला, शंभर वर्षांनंतरचा."

"अक्षरं बदलली, पण चोच तीच, वातीची जागा तीच."

"कुंभार तेच राहिले ना."

"मग आपल्या नव्या घरातला, भिंतीवरचा, येशूच्या तसबिरीखालचा विजेचा लाल दिवा तू का काढतोयस?"

"आई, शनिवारी वास्तुशांत आहे!"

"त्या आयरिश आजी घर विकून गेल्या, तसबीर घेऊन गेल्या, दिवा मात्र लावूनच गेल्या. त्याच्या वर आपल्या गणपतीची तसबीर लाव."

"आणि गुरुजींनी विचारलं तर?"

"सांगायचं, देवघर आधीपासूनच होतं."