फणस रेघेच्या अलीकडे

...नाही, पण यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! कॉलेजनं मला ठेवलं कशाला? प्राध्यापकांना कॉम्प्युटरवरचा नकाशा शिकवायला, म्हणजे ते तो वर्गात मुलांना शिकवतील. प्रिन्सिपॉल फादर मत्तायी पहिल्याच दिवशी म्हणाले, "जोबी, वर्षाअखेर दोन विषयांत तरी नकाशा आला पाहिजे हं. नाहीतर तुझा करार काही मी वाढवू शकत नाही." घरी बायकोला सातवा महिना! मी म्हटलं आणतो, फादर.

आणि फिरलो की हो दारोदार! अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "शिकू ना, आधी माझा प्रिंटर बघ." बघितला. मग म्हणाले, "आता घरचा." इंग्रजीच्या टीचर म्हणाल्या, "एकदा मुलाचं लग्न होऊन जाऊ दे." अहो, मुलगा सातवीत आहे त्यांचा! आणि वनस्पतिशास्त्राच्या सूसन्ना टीचर... मी दिसलो की कपाटामागे जायच्या. साडीचा पदर दिसायचा ना मला!

शेवटी गळाला लागले इतिहासाचे भार्गवन सर. एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मोकळा वेळ भरपूर. म्हटलं, सर, आधी आपलं घर शोधू. सगळे घरापासूनच सुरुवात करतात हो! पृथ्वी गरगर फिरली, केरळ आलं, आमचं तोडुपुळा गाव आलं, नदी आली, सरांचं कौलारू घर आलं. सर टाळ्या पिटायला लागले, "अरे जोबी, माझी विहीर! ते बघ, माझं नेसायचं मुंडू वाळतंय!" मुंडू कसलं, पत्रा होता तो... पण मी कशाला बोलू? उत्साहाच्या भरात मी जमिनींच्या हद्दीची सरकारी रेघ त्यावर टाकली. सरांनी टाळ्या थांबवल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जोबी, हा फणस रेघेच्या अलीकडे कसा?"

फणस कुणाचा? शेजारच्या सूसन्ना टीचरांचा! दरवर्षी त्या फणस शिजवणार, वाडगं भिंतीवरून सरांकडे, आणि सर ते रिकामं कधी परत पाठवणार नाहीत, दोन केळी तरी घालणारच. हंगामात सरांचं रात्रीचं जेवणच ते! मी म्हटलं, "सर, हे चित्र दोन-चार मीटर सरकलेलं असतं, त्यावर जाऊ नका."

"आकाशातून काढलंय ना? मग आकाशाला काय सूसन्नाची भीड आहे?"

दुसऱ्या दिवशी भर स्टाफरूममध्ये, "टीचर, इतकी वर्षं माझाच फणस मला वाढताय होय?" टीचरांनी हातातला डबा परत पिशवीत टाकला. दुपारी माझ्याकडे आल्या, आपण होऊन! "मलाही शिकव." शिकवलं, सरकतं तेही सांगितलं. त्यांनी नेमकं एक जुनं चित्र उघडलं, त्यात सरांची विहीरच त्यांच्या हद्दीत! झालं! सरांनी वर्गाला अभ्यास दिला, 'सीमेवरची अतिक्रमणं'. टीचरांनी दिला, 'फणसाच्या मुळांचा विस्तार'. भिंतीच्या या बाजूला टेप घेऊन इतिहासवाले, त्या बाजूला वनस्पतीवाले... आणि पिकलेला फणस दोन्हीकडच्या पोरांनी मिळून खाल्ला! दोन विषय, बरोब्बर दोन! फादर खूश, फोटो काय, हारतुरे काय! यात माझं काय चुकलं, सांगा!

पण वाडगं बंद झालं हो. सर बसस्टँडवर परोटा खायला लागले, शर्ट अंगावर लोंबायला लागला. टीचर रोज भिंतीपाशी यायच्या आणि परत जायच्या. मला काही ते बघवेना.

एके दिवशी दोघांना धरून आणलं, बसवलं, आणि तीच रेघ कॉलेजवर टाकली. "बघा, या रेघेप्रमाणे फादरांची खुर्ची नदीत आहे. फादर काय रोज पोहत येतात?" आधी टीचर फिसकन हसल्या. मग सर. मग दोघं हसता हसता थांबले आणि माझ्याकडे वळले.

"अरे, मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

मी! मी सांगितलं नव्हतं? संध्याकाळी वाडगं भिंतीवरून गेलं, आणि सकाळी दोघांनी नकाशा अभ्यासातून काढून टाकला. म्हणे, "असलं खोटंनाटं पोरांना शिकवायचं?" दोनाचे शून्य! फादर म्हणाले, "ते जाऊ दे. पण माझी खुर्ची नदीत आहे म्हणून तू सगळ्या स्टाफला दाखवलंस?" मी दोघांनाच दाखवली होती हो! करार संपला.

परवा दोघं घरी आली. मला वाटलं, धीर द्यायला आली. बायकोनं चहा टाकला. सर म्हणाले, "जोबी, आता मोकळाच आहेस ना? माझ्या रबराच्या बागेला मेहुण्याची बाग लागून आहे, दोन्हींच्या मधे जरा रेघ टाक बघू." मी हात जोडले. "सर, अहो, ते सरकतं!"

टीचर म्हणाल्या, "सरकतंच ना? मग सरांच्या बाजूला सरकू दे."

टाकली रेघ. काय करता?