द्वारकेची भैरवी

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. रसिक कुणाला म्हणायचं? मान डोलावतो त्याला? 'वाहवा' जोरात म्हणतो त्याला? लगेच उत्तर देऊ नका! आधी अप्पा तांबटाची गोष्ट ऐका.

कृष्णाकाठचं एक गाव. तिथं अप्पाचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. कान असा तयार, की पातेल्याला टिचकी मारायची आणि सूर सांगायचा! गिऱ्हाईक म्हणे, "अहो, गळत नाही ना एवढं सांगा." अप्पा म्हणे, "गळत नाही, पण जरा उतरलेलं आहे!"

त्या गावात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चारला, नाट्यगृहात कार्यक्रम. कधी संगीत नाटक, कधी गवयाची मैफल. अप्पा एकटा जाईल? छे! अख्खी रांग अप्पाची! मुलगा मनोहर, सून द्वारका, नातवंडं, शेजारचे नाना, नानांची बहीण. आणि कार्यक्रम सुटला, की सगळी रांग अप्पाच्या घरी पंगतीला. गरम वाफेचा भात, वर आमटी, वर तूप — आणि अप्पा विचारणार, "हं, बोला! भैरवी कशी झाली?"

भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट. गवई आपलं सगळं त्यात ओतून मोकळा होतो. अप्पा तर म्हणायचा, "बाकीचं गाणं कानानं ऐकायचं, भैरवी जिवानं!" भैरवी चुकू नये म्हणून हा गृहस्थ सख्ख्या मेहुणीच्या लग्नातून जेवता जेवता उठून आला होता. बायको आठ दिवस बोलली नाही! आता ती बिचारी देवाघरी आहे, तिथं तरी बोलते का कोण जाणे.

तर एका महिन्यात काय झालं, अप्पा न्हाणीघरात घसरला. पाय सुजला हा एवढा! "तुम्ही सगळे जा," म्हणाला, "भैरवी नीट ऐका, आल्यावर मला सांगा." रांग गेली. अप्पा घरात खाटेवर. घड्याळाकडे बघतोय — आता ख्याल संपला असेल — आता ठुमरी — आणि कडी वाजली. दारात द्वारका! धापा टाकतेय. पदर खोचला, चूल पेटवली.

"अगं, संपलं एवढ्यात?"

"नाही मामंजी. भैरवी व्हायचीय अजून."

"मग तू कशी आलीस?"

"मी नेहमीच येते की. भात नको का टाकायला? मंडळी येतील."

"नेहमी? कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

एकोणीस वर्षं, मंडळी! एकोणीस वर्षं तो गरम भात खाल्ला, आणि ही सून कधी उठून जाते ते कुणी पाहिलं नाही! पाहणार कसं? सगळ्यांचे डोळे मिटलेले — रसिक ना!

द्वारका तांदूळ धुता धुता म्हणते, "मामंजी, एक विचारू? मागच्या नाटकात ती राजकन्या रानात हरवली होती. तिला तिचा राजा भेटला का हो शेवटी?"

अप्पाच्या डोळ्यांतून पाणी! म्हणाला, "भेटला गं पोरी. भेटला." तिला वाटलं, पाय दुखतोय. तिनं आपलं हळद-तेल गरम करून आणलं.

पुढचा महिना. अप्पा काठी टेकत रांगेत येऊन बसला. गाणारी बाई मोठी नावाजलेली. ठुमरी झाली, तंबोरे पुन्हा जुळायला लागले, आणि द्वारकेनं सवयीनं पिशवी उचलली. अप्पानं तिचा हात धरला.

"बस."

"मामंजी, भात—"

"बस म्हणतो ना!"

आणि स्वतः उठला! नाना म्हणाले, "अहो अप्पा, भैरवी सोडून कुठं निघालात?" अप्पा म्हणाला, "घरी काम आहे."

घरी आला खरा. आता गंमत बघा — जन्म गेला पातेली घडवण्यात, आणि त्यात पाणी किती घालायचं ते ठाऊक नाही! घातलं आपलं अंदाजानं. वर पेज, खाली करपलेलं! नाट्यगृहात भैरवी चाललीय आणि इकडं अप्पा धुरात खोकतोय.

रांग आली. सगळ्यांच्या मागून द्वारका. हळूहळू, काहीतरी गुणगुणत. दारात वास आला तशी धावली, "अगं बाई, भात!" अप्पा आडवा आला. "भात राहू दे. आधी सांग, भैरवी कशी झाली?"

तिला पहिल्यांदाच कुणी विचारलं, मंडळी. ती उंबऱ्यावर बसली आणि ऐकलेलं तसं गायला लागली. दोन ओळी. सूर हलत होता, मध्ये थोडी घसरली. भांड्यातला उतरलेला सूर ओळखणारा तो माणूस — त्याला कळलं नसेल? सगळं कळलं! डोळे मात्र त्यानं मिटले नाहीत. तिच्याकडं बघत राहिला, आणि तिचं संपलं तसा सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "वन्स मोअर!"

आणि ती पुन्हा गायली. करपल्या भाताला त्या दिवशी कुणी नाव ठेवलं नाही. अप्पा पुढं सांगायचा, "भैरव्या पुष्कळ ऐकल्या, पण जिवानं ऐकली ती हीच."

डोळे पुसताय? पुसा. आता कान द्या. देवळामागून भांड्यांचा आवाज येतोय ना? चार दिवस झाले, मी इथं आख्यान सांगतोय आणि तुम्ही ऐकताय. आपल्या प्रसादाची आमटी ढवळणाऱ्या त्या माउल्यांनी एक तरी शेवट ऐकलाय? मला आत्ता सुचतंय, म्हणजे पहिला दोषी मीच!

पेटी थांबव रे. सरपंच, तुम्ही उठा. गुरुजी, तुम्हीही. हो, आत्ताच! आमटीचा डाव घ्या हातात. काय म्हणता? मीठ किती? त्यांना विचारू नका! खारट झाली तर आज सगळे खारट खाऊ.

या माउल्यांनो, हात पुसून या. मागं नाही — इथं, पुढं बसा. सावकाश या. तुम्ही बसल्याशिवाय शेवटचा अभंग मी सुरू करत नाही.