गच्चीवरच्या माताश्री

जोतिराम : परत चुकलं! वैनी, मधेच ओ देऊ नको गं.

फुलाबाई : तू हाक मारलीस, मी ओ दिली. माझं काय चुकलं?

जोतिराम : मी 'माताश्री' म्हणालो की तू नुसतं माझ्याकडं बघायचं. मग मी म्हणणार, 'युद्ध का समय आ गया है, आज्ञा दीजिये.' आणि मग तू, 'विजयी भव, पुत्र.'

फुलाबाई : ईजयी भव, पुत्तर.

अनवरी : तिचं सोड रे जोत्या, तू तुझं बघ की पैले. 'आद्न्या' बोल्या तू. टीव्हीत सगळे 'आग्या' बोलतेत. मी मोबाइल धरून उभी हाय, हात दुखायलाय माझा.

(सोलापूर. उन्हं कलायला लागलेली. गच्चीच्या तारेवर लाल चादर टाकून तिचा राजवाडा केलेला. जोतिराम राजपुत्र, त्याची आई फुलाबाई महाराणी, आणि शेजारची अनवरी कॅमेरा. पौराणिक मालिकेसाठी पोरं निवडणाऱ्यांना हा तुकडा दिवस मावळायच्या आत पाठवायचा आहे. घरात रोज आरशासमोर चालतं ते आज उन्हात आलंय, एवढंच.)

जोतिराम : आग्या, आग्या, आग्या. शाळेत सरांनी 'आद्न्या' घोटून घेतलं, जीभ लगेच वळती होय? चला, परत. 'माताश्री...'

फुलाबाई : ओ.

जोतिराम : वैनी!

अनवरी : ओरडू नक्को तिला. रोज दुपारी अशीच करती ती. टीव्ही लावून भिंतीला टेकती, डोळे मिटलेले. तो मुकुटवाला पोरगा 'माताश्री' बोलला की ही झोपेत ओ देती. कोथिंबीर मागायला आले तवा बघितलंय मी.

फुलाबाई : गप की गं अनवरी!

जोतिराम : खरंच, वैनी?

फुलाबाई : झोप न्हवं ती. अर्धवट असती. पंखा फिरत असतो, खिडकीचं ऊन भिंतीवर हलत असतं, आन् लांबनं हाक येती. मग मी राजवाड्यात असती बघ. डोस्क्यावर पदर, पदरावर मुकुट. खांबाखांबातनं आपली मेंढरं फिरत्यात, कुणी हाकलत न्हाय. आन् कुणाचा तरी लेक लई मऊ आवाजात बोलावतो. मला वाटतं, मलाच. मी ओ दिती, मग तो पुढचं बोलतो. बरं चाललंय आमचं.

अनवरी : ऐक! आपल्याला असली सपनं पडत न्हाईत बाई. आपल्या सपनात बी नळाला पाणी येऊन जातं.

जोतिराम : आणि मी काय कमी हाका मारतो? सकाळपासनं वैनी वैनीच चाललंय की माझं.

फुलाबाई : वैनी तर तुझे काका म्हणायचे. त्यांचं ऐकून तू बी लागलास.

अनवरी : आमच्यात बी तसंच. दीर भाबी बोलायचे, माझ्या मोईननं तेच उचललं. भूक लागली तरी भाबी, मार खाल्ला तरी भाबी.

जोतिराम : आपल्या घरात आई म्हणजे आजी. सगळ्यांचीच आई होती ती.

फुलाबाई : व्हय की. मी कुटं न्हाय म्हणते? त्या साली मेंढरं घिऊन कोकणात उतरायचं होतं आन् तू तापानं फणफणलेला. आत्याबाई, म्हंजी तुझी आजी, म्हणल्या, पोरगं हितंच ऱ्हाईल. मला कुणी इचारलं न्हाय. परत आले तवा तुला बोलाय याय लागलं होतं. त्यांच्या पदराआडनं मला बघितलंस आन् म्हणलास, 'आई, वैनी आली.' सगळी हसली. मी बी हसले.

जोतिराम : कधी बोलली नाहीस हे.

फुलाबाई : काय बोलायचं? त्यांनी तुला वाढवलं, ती हाक त्यांचीच. मला लई वाईट वाटायचं, पर म्हाताऱ्या माणसाच्या हातातनं काय हिसकून घ्यायचं? माताश्री मात्र आपल्यात कुणाचीच न्हवती. म्हणलं, ही आपण घेतली तर कुणाचं काय जातंय?

जोतिराम : वैनी... इकडं बघ. आई.

अनवरी : काय गं फुला? मागं वळून काय बघायलीस?

फुलाबाई : वाटलं, जिन्यातनं आत्याबाईच आल्या.

जोतिराम : आजी जाऊन किती दिवस झाले गं.

फुलाबाई : तरी बी. ती हाक आली की हात आपसूक पदराकडं जातो. न्हाय बाबा, ती मला बसत न्हाय. ऱ्हाऊ दे. तू तुझी माताश्री म्हण. उजेड चाललाय, आन् मुंबईला जायची बॅग बी काढून ठिवलीस तू. त्या मालिकावाल्यांनी पसंत केलं न्हाय तर घरभर तोंड पाडून फिरशील.

अनवरी : हौ, बटण दाबलंय मी. बोल.

जोतिराम : माताश्री... युद्ध का समय आ गया है. लौटूँगा या नहीं, देव ही जाने. पर जाने से पहले... वैनी... जाऊ का गं मी?

अनवरी : फुला, बोल की! ईजयी भव!

फुलाबाई : जा बाळा. नीट जा.

अनवरी : लो! दोघांनी मिळून वाट लावली. आग्या पण न्हाय अन् पुत्र पण न्हाय. राजवाड्यात वैनी कुठनं आली रे?

जोतिराम : तोंडातनं निघून गेलं, खाला. पुसून टाका. परत घेऊ.

फुलाबाई : पुसू नको.

जोतिराम : अगं, हे कसं पाठवायचं? हसतील ते.

फुलाबाई : पाठवू नको. त्यांच्यासाठी दुसरं घे. पायजे तेवढ्या बारी माताश्री म्हण, मी आता ओ देणार न्हाय. हे मला ठिव.

जोतिराम : पण ह्यात तर मी वैनीच म्हटलंय.

फुलाबाई : व्हय. पर जाऊ का म्हणून वैनीला कोण इचारतं रं? ते लेकरूच इचारतं.